हवाई जहाजांवरचा तांडा: काल्पनिक जमात रचतोय, वजनाचा हिशेब तपासून हवा

दोरखंड

दीर्घकथेसाठी फिरस्त्या व्यापाऱ्यांची एक जमात रचतोय. घर म्हणजे जहाज आणि जहाज हवेत. भूगोल दख्खनचाच, फक्त नावं बदललेली: खाली बंदरपट्टी, मग घाट, मग पठार. यंत्रयुग आलेलं नाही. जादू एकच आहे. एका खाणीतला पांढरा खडा पाण्यात टाकला की हवेहून हलका वायू सुटतो. त्याला सध्या फुंकखडा म्हणतोय.

जहाज १२० मीटर लांब, १८ मीटर व्यासाचं. लाकूड-बांबूचा सांगाडा, आत रेशमी कोठ्या, खाली पाळणा. माणसं २५. बंदरावरून मीठ वर नेतात, पठारावरून धान्य खाली आणतात, शिडं लावून वाऱ्यावर जातात, बारा महिने हिंडतात.

जाणकारांनी सांगावं की यातलं काय कोसळेल आणि त्यातून यांच्या चालीरीती कशा निघतील. वर्णनं नकोत, ती जमतात. आकडे हवेत.

भारमापक

टोकं निमुळती धरली तर आकारमान साधारण २०,००० घनमीटर येतं. वायू हायड्रोजनसारखा धरू. समुद्रसपाटीला ३० अंश तापमानात एका घनमीटरला १.०८ किलो उचल मिळते, ६०० मीटर उंचीच्या पठारावर त्याच तापमानाला जेमतेम १ किलो. म्हणजे पठारावर एकूण २० टन.

आता वजाबाकी. सांगाडा, वरचं कापड, कोठ्या, दोर आणि पाळणा मिळून १२ टनांच्या खाली आणणं लाकूड-बांबूत अवघड आहे. उरले ८. पंचवीस माणसं, पोरंटोरं धरून सरासरी ५५ किलो, म्हणजे १.४ टन. माणशी रोज ४ लिटर पाणी, पाच दिवसांचं: अर्धा टन. शिधा, भांडी, अंथरुणं: अर्धा टन. फुंकखडा, सुटे दोर, डागडुजीचं सामान: ३०० किलो. शिवाय टाकाऊ भार, म्हणजे संकटात फेकायचं पाणी आणि वाळू: दीड टन. यात काटकसर करू नये.

मालाला उरले सुमारे ३.८ टन. एका बैलाच्या पाठीवर शंभर किलो धरले तर अडतीस बैल. गावातल्या सगळ्यात लांब गल्लीएवढं जहाज आणि माल अडतीस बैलांचा. मीठ-धान्य विसरा.

चिवचिव९

जादूच आहे ना? एक खडा दोनशे टन उचलतो म्हणा, विषय संपला.

भारमापक

म्हणता येईल, पण मग ती मालमोटार झाली. कोण किती खातं, लग्नानंतर कोण कुठे राहतं, काय फेकायचा हक्क कुणाला, हे प्रश्नच उरत नाहीत. वजन फुकट झालं की रीतिरिवाजांना कारण राहत नाही.

आणि असा खडा खरोखर असतो. कॅल्शियम हायड्राइड. हवामानाचे फुगे भरायला वापरलेला आहे. १ किलो खड्याला सुमारे ८६० ग्रॅम पाणी लागतं. एक घनमीटरहून किंचित जास्त हायड्रोजन सुटतो, भांडं सडकून तापतं आणि पावणेदोन किलो विरलेला चुना मागे राहतो. या हिशेबाने तुमचं जहाज भरायला जवळपास १९ टन खडा लागेल, म्हणजे जहाज स्वतःचा खडासुद्धा धड उचलू शकत नाही. म्हणून जादू इथेच आणि एवढीच वापरा: फुंकखडा किलोला दहा घनमीटर देतो. पहिली भरणी २ टन. कोठ्या रोज अर्धा टक्का गळतात असं धरलं तर रोजची भर १०० घनमीटर, म्हणजे १० किलो खडा.

सुटलेला वायू गरम आणि ओला असतो. तो थेट कोठीत सोडला तर वाफ आत थंड होऊन पाणी साचतं आणि रेशीम कुजतं. मधे मातीची लांब नळी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, तिच्या तळाशी पाणी काढायला भोक, पुढे कोरड्या चुन्याचा थर. मगच कोठी.

चिवचिव९

म्हणजे हे लोक गावोगाव चुना विकणार. आणि लावणारही. (हलकं घ्या.)

तांडेल

शिडं काढून टाका. कथा-चित्रांत सगळीकडे दिसणारी चूक आहे ही. होडीचं शीड चालतं कारण तळ पाण्यात रुतलेला असतो. वारा एका वेगाने जातो, पाणी वेगळ्या, आणि त्या फरकावर होडी चालते. हवेतल्या जहाजाला दुसरं काही धरायलाच नाही. ते वाऱ्याबरोबर वाऱ्याच्याच वेगाने वाहतं. पाळण्यातला दिवासुद्धा हलणार नाही आणि शीड लोंबत राहील.

फरक निर्माण करायचा तर जमीन धरावी लागते. १८९७ मध्ये स्वीडनचा आंद्रे हायड्रोजनच्या बलूनमधून स्वालबार्डहून उत्तर ध्रुवाकडे निघाला, तेव्हा हीच युक्ती होती. जड दोर खाली घासत न्यायचे, त्याने बलून वाऱ्याहून मंद होतं आणि मग शिडाने थोडं वळवता येतं. निघतानाच दोरांचा मोठा भाग निसटून समुद्रात पडला. तिघंही परतले नाहीत.

तुमच्याकडे यंत्र नाही, तर पर्याय दोन. नेमक्या वेळी नेमका वारा पकडायचा, नाहीतर खालून ओढून न्यायचं.

बाभूळकाटा

ओढून न्यायचं असेल तर बैल आलेच, आणि बैल आले तर तुमची जमात अर्धी जमिनीवर आहे. जहाजावर नजर लावून बसलात म्हणून ती दिसली नाही.

लमाण-बंजाऱ्यांचा व्यापार कसा चालायचा ते आधी बघा. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये १४,००० बैलांचा एक तांडा नोंदवलाय, गहू-तांदूळ लादलेला, दिवसाची मजल सहा-सात मैल. बैलामागे शंभर किलो धरा, १,४०० टन माल झाला. वरच्या हिशेबाने तेवढ्याला साडेतीनशेच्या वर जहाजं लागतील. तांड्याचा माल स्वस्त पडायचा कारण बैल वाटेवर चरायचा, वैरणीचा खर्च नाही. म्हणून मजल लहान, म्हणून वाट पाण्या-चाऱ्याच्या कडेने, म्हणून पावसाळ्यात मुक्काम. सगळं बैलाच्या पोटातून निघालंय.

तेव्हा मीठ आणि धान्य खालच्या तांड्याच्या पाठीवर राहू द्या. वरच्या जहाजात केशर, लाख, रेशीम, मिरी, औषधी मुळ्या, सुया, बियाणं, हुंड्या, पत्रं. वजनाला भारी भाव असेल तेच वर.

दोरखंड

वरचा तांडा आणि खालचा तांडा. हे आवडलं. पण बैल एवढं धूड ओढतील?

तांडेल

वाऱ्यावर आणि बांधण्यावर अवलंबून आहे. ताशी १८ किलोमीटरची झुळूक समोरून असेल आणि जहाजाचं नाक वाऱ्याकडे असेल तर ओढा वीस-पंचवीस किलोचा. काम करणारा बैल दिवसभर चाळीस-पंचेचाळीस किलोचा ओढा सहज देतो, म्हणजे एक बैल पुरे. तीच झुळूक कुशीवर आली तर जवळपास १,९०० किलो. बेचाळीस बैल लागतील. वारा दुप्पट झाला की ओढा चौपट.

म्हणून दोर फक्त नाकाला. मागे दोर बांधला की जहाज कुशी देतं आणि संपलं. दोर उंचीच्या निदान तिप्पट लांब हवा, नाहीतर ओढताना जहाज खाली खेचलं जातं. तो जोताला गाठीने बांधू नका. लाकडी खुंटीत अडकवा, एका फटक्यात सुटेल अशी, आणि खुंटीपाशी कुऱ्हाड घेतलेला माणूस कायम उभा.

जमिनीवरच्या पोरांना पहिला नियम हा शिकवा की दोर हाताला गुंडाळायचा नाही आणि पाय सुटायला लागले की त्या क्षणी हात सोडायचा. मे १९३२ मध्ये अमेरिकी नौदलाचं अॅक्रन हे हवाई जहाज कॅलिफोर्नियात उतरताना अचानक वर गेलं, दोराला धरून राहिलेले तीन खलाशी उचलले गेले. दोघे पडून मेले.

अजून एक. कोरडा दोर खाली पोचला की लगेच झडप घालायची नाही. हवेत घासून जहाजावर विजेचा भार साचतो. दोराचं टोक ओलं करून आधी जमिनीला टेकू द्यावं, मग धरावं. वायू ज्वलनशील आहे हे विसरू नका.

घाटमाथा

वाऱ्याचं वेळापत्रक देतो.

हंगाम दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंत. पठारावर पहाटे हवा जवळजवळ निश्चल असते, सूर्य वर आला की जमीन तापून हवा उसळायला लागते. म्हणून तीन-चार तास रात्र उरलेली असताना निघायचं, दहाच्या आत उतरायचं. अकरा ते चार हवेत राहणं म्हणजे विनाकारण वायू नि वाळू उधळणं.

किनाऱ्यावर उलट. दुपारी समुद्रावरून खारा वारा आत येतो, रात्री जमिनीवरून मतलई समुद्राकडे जाते. खाऱ्यावर बसून घाटाच्या पायथ्यापर्यंत फुकट जाता येतं. परत येताना मतलई, पण उजाडायच्या आत उतरला नाहीत तर समुद्रावर गेलात.

चैत्र-वैशाखात वळीव. तो ढग जहाज फिरवत नाही, मोडतो. सप्टेंबर १९२५ मध्ये अमेरिकेचं शेनांडोआ हे हवाई जहाज ओहायोवर अशाच वादळी पट्ट्यात सापडलं, उसळत्या हवेने वर फेकलं आणि हवेतच तुकडे झाले. चौदा मेले. आणि ते धातूच्या सांगाड्याचं होतं.

जून ते सप्टेंबर विषयच नाही. नैऋत्य वाऱ्याचा सगळ्यात जोरकस पट्टा दीड किलोमीटरच्या आसपास असतो, बरोब्बर तुम्हाला जिथून घाट ओलांडायचा त्याच्या वर. पाऊस वेगळाच. या जहाजाची वरची अर्धी पाठ २,७०० चौरस मीटर भरते, तिच्यावर तीन दशांश मिलिमीटर पाणी थबकलं तरी आठशे किलो वाढले.

बारा महिने हिंडतात हे वाक्य खोडा.

भारमापक

घाटमाथा यांच्याशी सहमत. घाट ओलांडायचा हिशेब जोडतो.

कोठीतला वायू वर जाताना फुगतो. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर दाब दहा टक्के कमी होतो. म्हणून बंदरावर कोठ्या नव्वद टक्केच भरायच्या, सैल, खालून सुरकुत्या दिसतील अशा. माथ्यावर पोचेपर्यंत त्या बरोबर टच्च होतात. बंदरावर लोभाने पूर्ण भरल्या तर चढताना जास्तीचा वायू सोडावा लागतो, आणि पलीकडे उतरल्यावर तेवढी उचल कमी. झडप अडकली असेल तर कोठी फाटते. नवखा मालक हमखास इथे मार खातो, कारण खाली उभं राहून बघणाऱ्याला सैल कोठी म्हणजे वाया गेलेली जागा वाटते.

घाटमाथा

आणि हिवाळ्यात वारा पूर्वेकडून असतो, म्हणजे कोसळती हवा कड्याच्या कोकण बाजूला. सेकंदाला तीन मीटरने एक मिनिट ओढलं तरी १८० मीटर गेले. माथ्यापेक्षा किमान ३०० मीटर वर राहून ओलांडा. त्यासाठी भरणी नव्वदऐवजी सत्त्याऐंशी टक्के. नाणेघाटासारख्या खिंडीतून जायचा मोह होईल, टाळा. खिंडीत वारा चिंचोळा होऊन दुप्पट होतो. खिंड खालच्या तांड्यासाठी. जकातीचा रांजणही तिथेच आहे, बैलवाले भरतील जकात.

चिवचिव९

आणि वरून जाणारे चुकवतील. हे भांडण कथेत हवंच.

शिंपीआळी

कापडाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

कोठ्यांना नुसतं रेशीम चालत नाही, वायू भसाभस जातो. १७८३ मध्ये पॅरिसला शार्ल या शास्त्रज्ञाने पहिलं हायड्रोजन बलून उडवलं, ते रबर विरघळवून लेपलेल्या रेशमाचं होतं. रबर नसेल तर जवसाचं उकळलेलं तेल, तीन हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावरच पुढचा. लाखेचा हात देऊ नका, घडीवर तडकते. शिवण दुमडून दुहेरी, टाक्यांच्या भोकांवर वरून तेलाची पट्टी.

आता धोका. जवसाचं तेल लावलेलं कापड सुकताना आपोआप तापतं. सुकायच्या आत घड्या घालून थप्पी लावली तर मधोमध पेट घेऊ शकते, ठिणगी लागत नाही. म्हणून सुकवण्याच्या मांडवात कापड कायम लोंबतं हवं आणि रात्री राखण हवी. कथेत कुणाचं जहाज जाळायचं असेल तर शत्रू आणायची गरज नाही.

रेशमाला ऊन सोसत नाही, चार-सहा महिन्यांत जीव जातो. म्हणून बाहेर सुती आवरण. ५,४०० चौरस मीटर भरेल, चौरस मीटरला दीडशे ग्रॅम धरलं तर ८०० किलो. आवरणाला पाठीच्या कण्यावर झरोके ठेवा. गळलेला वायू आवरण आणि कोठीच्या मधे वर जाऊन साचतो, आणि हवेत चार ते पंचाहत्तर टक्के कितीही हायड्रोजन असला तरी पेटतो. झरोक्यांना जाळी, नाहीतर पाखरं घरटी करतात.

यापेक्षा फार चांगली कोठी होते बैलाच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्याची. जर्मन झेपलिन हवाई जहाजांनी सुती कापडावर हेच चिकटवलं होतं. एका जहाजाला लाखो जनावरांचे पापुद्रे लागायचे.

बाभूळकाटा

बैलावर जगणारी जमात हे करणार नाही. बंजाऱ्यांत बैलाचा मान काय होता ते वाचा. पण न करणारी जमात आणि गुपचूप दुसऱ्याकडून तयार कोठ्या विकत घेणारं एखादं श्रीमंत जहाज, दोन्ही एकत्र ठेवा. गळती निम्मी झाली की रोजचा खडा निम्मा. कुणाचा खडा कमी संपतो हे वजनाच्या वहीत, म्हणजे तोलवहीत, सगळ्यांना दिसतं. पंचायत तिथून सुरू.

दोरखंड

हे घेतलं. माल उतरवण्याची रीत सांगा. बाजाराचा प्रसंग लिहायचाय.

भारमापक

सगळा मामला इथेच आहे. जहाज तरंगतं तेव्हा वजन आणि उचल समसमान असते. दोनशे किलोचं गाठोडं उतरवलं की दोनशे किलो जास्तीची उचल, जहाज दोर तोडायला बघतं. म्हणून आधी चढवायचं, मग उतरवायचं. जर्मनीत फ्रीडरिक्सहाफेनला आजही झेपलिन एनटीत प्रवासी दोन-दोन करून बदलतात, दोन चढले की दोन उतरतात.

तुमच्या बाजारात क्रम असा ठेवा. नाक खांबाला, मागचा भाग मोकळा, वाऱ्यासरशी फिरू द्यायचा. पाळण्याखाली वाळूच्या गोण्या तयार. गिऱ्हाइकाचा माल तागडीत तोलायचा, वर घ्यायचा, मग तेवढाच आपला माल खाली. गिऱ्हाईक नाण्यांत पैसे देणार असेल तर त्याने आधी तेवढी वाळू भरून द्यायची, ही त्याची जबाबदारी. या लोकांना रोकड आवडत नाही याचं कारण हे. वजनाला वजन देणारा शेतकरी त्यांना सावकारापेक्षा जवळचा.

माल कुठे ठेवला हेही महत्त्वाचं. शंभर किलो मधून शेपटाकडे चाळीस मीटर सरकवले तर नाक वर होतं, आणि ते ओढायला खालच्या बैलांना घाम फुटतो. म्हणून पोरांना पळापळ बंद, जेवायला सगळे मधल्या पाळण्यात, आणि कोण कुठे झोपतं हे ठरलेलं.

आता लबाडी. ऊन लागलं की कोठीतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा तापतो, आणि दर तीन अंशांना उचल सुमारे एक टक्का वाढते. नऊ अंश तापला तर सहाशे किलो. भर दुपारी हलकं वाटतं म्हणून सहाशे किलो जादा माल घेतला की सूर्य मावळताना जहाज खाली बसायला लागतं, आणि मग हाच माल पडेल भावाने विकावा लागतो. गावोगावचे व्यापारी हे जाणून दुपारीच सौदा लांबवतील. जमातीचा कायदा: तोल पहाटेचाच धरायचा, उन्हाचा तोल हिशेबात घ्यायचा नाही.

तांडेल

टाकाऊ भाराबद्दल. मीठ भार म्हणून घ्यायची कल्पना सुचेल, कारण ते विकताही येतं. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलची जहाजं बंगालला जाताना असंच मीठ भरून यायची. पण हवेतून फेकायची वेळ आली तर खाली कुणाचं तरी शेत असतं. पन्नास किलो मीठ वाफ्यात पडलं तर ते पीक गेलं. शिवाय दमट हवेत मीठ पाणी ओढतं, वजन वाढतं आणि लोखंड खातं. फेकायला फक्त पाणी आणि चाळलेली वाळू. खडे निघालेले असावेत, खाली माणसं असतात. शेतावर मीठ टाकणं हा या जमातीतला सगळ्यात मोठा गुन्हा ठेवा, चोरीपेक्षा मोठा, कारण त्यानंतर त्या गावात कुणाचाच दोर धरला जात नाही.

गावाची भीतीही खरी असते. शार्लचं ते रिकामं बलून गोनेस गावात उतरलं तेव्हा गावकऱ्यांनी शेतीची अवजारं घेऊन त्याच्या चिंध्या केल्या.

शिंपीआळी

लग्न कसं लावणार? मुलगी एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली की इथे पन्नास किलो कमी, तिथे जास्त.

भारमापक

मुलीची तुला करा. आपल्याकडे तुलादान होतंच, शिवाजी महाराजांचीही राज्याभिषेकाच्या वेळी १६७४ मध्ये झाली होती. इथे ती कामाची आहे: मुलीच्या वजनाचा माल तिच्या माहेरच्या जहाजावर आधी चढतो, मग ती उतरते. तो माल कुणाचा, बापाचा की जहाजाचा, यावर चार पिढ्यांचे वाद घाला. मूल जन्मलं तर त्या क्षणी वजन बदलत नाही, वाढतं ते खाल्लेल्या भाकरीने, आणि ती आधीच वहीत आहे. दहा वर्षांत मात्र तीस किलो होतात. जास्त पोरं असलेल्या घराने एक जण खालच्या तांड्यात पाठवायचा ही रीत आपोआप निघते.

बाभूळकाटा

वरचा-खालचा ही उतरंड होणार हे दिसतंय, पण जरा सांभाळा. तोलायला गेलं तर माल खालच्यांचा आणि बातमी वरच्यांची. ३०० मीटरवरून साठेक किलोमीटरचं क्षितिज दिसतं: कुठे गवत आहे, कुठे ओढ्याला पाणी, कुणाची फौज कुठे हललीय. खालचा तांडा वरच्यांना पोसतो तो या डोळ्यांसाठी. चार टन केशर-रेशीम हा जोडधंदा.

आणि फौज म्हटल्यावर: १८०३ च्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीचं सैन्य बंजाऱ्यांच्या धान्यावर चालत होतं. फौजांना असे तांडे हवे असतात तोवर मान असतो. रस्ते आणि रेल्वे आल्यावर पाठीवरचा व्यापार बसला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि त्याच्या कचाट्यात कितीतरी फिरस्त्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. महाराष्ट्रात बंजारा आजही विमुक्त जातींत मोडतात. त्यामुळे तांडा, नाईक, कारभारी ही रचना घेताय तर घ्या, पण आरसे लावलेल्या घागऱ्यांचं चित्र काढून आत युरोपातले जिप्सी भरू नका. नाईक वाट, मुक्काम आणि सौदा ठरवतो, कारभारी त्याच्या बरोबरीने निवाड्याला बसतो. तुमच्याकडे दोन नाईक लागतील, एक वर, एक खाली. जहाज कधी सोडायचं यावर शेवटचा शब्द खालच्याचा ठेवा. कुऱ्हाड त्याच्या माणसाच्या हातात आहे.

चिवचिव९

वर चूल कशी?

शिंपीआळी

नाहीच. वर दशम्या, सातूचं पीठ, गूळ, शेंगदाण्याची चटणी. गरम हवं तर फुंकभांड्याला बाहेरून पाण्याची गुंडाळी करा, खडा विरताना येणाऱ्या उष्णतेवर भात शिजतो. रोजच्या दहा किलोत पंचवीस माणसांचा सहज होईल. म्हणजे भर घालायची वेळ तीच जेवायची वेळ. चिलीम, चकमक, खिळ्यांचे जोडे खालीच काढून ठेवायचे.

दोरखंड

शेवटचं. पावसाळ्यात जहाज ठेवायचं कुठे?

भारमापक

उभं ठेवायला छप्पर लागेल. ब्रिटिशांनी आर १०१ साठी कराचीला प्रचंड शेड बांधली होती, ते जहाज ऑक्टोबर १९३० मध्ये भारताकडे निघालं आणि फ्रान्समध्येच पडलं. तुमच्या काळात १२० मीटरचं छप्पर होणार नाही. म्हणून फाल्गुन संपताना वायू सोडायचा, कोठ्या काढायच्या, सांगाडा सुटा करून रचून ठेवायचा, आणि कार्तिकात पुन्हा २ टन खडा.

यावर हंगामाचा हिशेब मांडा. दीडशे दिवस. बंदर ते पठारावरची पेठ २०० किलोमीटर, बैलाच्या मजलीने वीस दिवस. सात खेपा, खेपेला ३.८ टन, एकूण साधारण २६ टन माल. खडा लागला भरणीचा २ टन आणि रोजच्या भरीचा दीड टन. दर साडेसात किलो मालामागे एक किलो खडा. ज्या मालाचा भाव एवढ्या अंतरात तेवढाही वाढत नाही तो वर चढवायचाच नाही. खड्याचा भाव तुम्ही ठरवा, बाकी मालाची यादी त्रैराशिकाने निघेल. आणि कार्तिकातला २ टन खडा उधार देणारा सावकार कोण, तेही ठरवून टाका, कारण जहाज खरं त्याचं आहे.

शिंपीआळी

कोठ्या घडी घालून नाही, सैल गुंडाळून ठेवायच्या. घडीवर तेलाचा थर तडकतो आणि कार्तिकात ती रेघभर गळती सापडता सापडत नाही. जमिनीपासून हातभर वर टांगायच्या, कडुलिंबाचा पाला घालून. जवसाच्या तेलाचा वास उंदरांना लांबून येतो, तेव्हा टांगलेल्या दोरावर पालथी थाळी ओवायची. पुन्हा भरायच्या आधी एकेक कोठी साध्या हवेने फुगवून उन्हात धरायची, आत दिवा न्यायचा नाही, एका माणसाने आत अंधारात बसून भोकं बघायची आणि कोळशाने खुणा करायच्या.

दोरखंड

सावकार सापडला. खाणवालाच सावकार. पुढचा भाग याच धाग्यावर टाकतो, तोलवहीचं एक पान नमुना म्हणून. भारमापक, आकडे तपासायला या.